रस्त्यावर कधीच न येणाऱ्या मोटारी

मोटार प्रदर्शनात नवी गाडी मांडली गेली की पाहणाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न ठरलेले असतात. ती बाजारात कधी येणार आणि तिची किंमत किती? नोव्हेंबर २०१३ मध्ये मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीने कॅलिफोर्नियात लांबलचक नाकाची एक चंदेरी गाडी जगापुढे ठेवली, तेव्हा हे दोन्ही प्रश्न गैरलागू ठरले. ५८५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि १,३८५ किलो वजन असा तिचा तपशील कंपनीने गांभीर्याने जाहीर केला होता. मात्र समोर उभा होता तो पूर्ण आकाराचा एक नमुना. खरी गाडी धावणार होती ती दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर, 'ग्रान टुरिस्मो ६' या व्हिडिओ गेममध्ये.

मर्सिडीजपाठोपाठ बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, निस्सान, अॅस्टन मार्टिन, माझ्दा, शेव्हरोले, प्यूजो, ह्युंदाई, बुगाटी, ऑडी, लॅम्बॉर्गिनी, जॅग्वार, पोर्शे आणि अखेर २०२२ मध्ये फेरारी अशी या उद्योगातील बहुतेक मातब्बर घराणी त्याच वाटेने गेली. कोट्यवधींची उलाढाल असणाऱ्या आणि एकेका स्क्रूच्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या या कंपन्यांनी आपले उत्तमोत्तम रचनाकार एका खेळासाठी कामाला का लावले असतील? याचे उत्तर शोधताना मोटारीच्या रचनेचा इतिहास, तिच्यावरची बंधने आणि तिच्या भावी ग्राहकाविषयीची उद्योगाची चिंता या तिन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

स्वप्नातल्या गाड्यांची जुनी परंपरा

विक्रीसाठी नसलेली, केवळ उद्याची झलक दाखविणारी गाडी बनविण्याची प्रथा नवी नाही. अशा गाडीला 'कॉन्सेप्ट कार' म्हणजे संकल्पना मोटार म्हणतात. अमेरिकेतील जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ले अर्ल यांनी १९३८ साली तयार केलेली ब्युइक वाय-जॉब ही या परंपरेतील आद्य गाडी मानली जाते. झाकले जाणारे दिवे आणि विजेवर वरखाली होणाऱ्या काचा हे त्या काळी नवलाईचे वाटणारे प्रकार तिच्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कंपनीने १९४९ ते १९६१ या काळात 'मोटोरामा' नावाची फिरती प्रदर्शने भरविली आणि विमानासारख्या दिसणाऱ्या, गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या 'फायरबर्ड'सारख्या गाड्या लोकांना दाखविल्या. युरोपात हे काम इटलीतील बेर्तोने, पिनिनफारिना यांसारख्या रचनागृहांनी केले. मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोनेसाठी साकारलेली १९७० ची लान्चिया स्ट्रॅटोस झीरो अवघी ८४ सेंटिमीटर उंच होती आणि समोरची काच उघडून तिच्यात बसावे लागे.

या गाड्यांचे सौंदर्य निर्विवाद होते, पण त्या महाग होत्या. मातीचा नमुना, मग साचे, मग हाताने घडविलेले पत्रे असा तो व्याप असे. पुढे सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तशी कल्पनेला वाव देणारी जागाही आक्रसली. आज रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या बॉनेटची उंची ठरविताना पादचाऱ्याला धडक बसल्यास त्याच्या डोक्याला कितपत इजा होईल, याचा विचार करावा लागतो. दिव्यांची जागा, बंपरची ताकद, आरशांचा आकार, नंबर प्लेटची जागा, सामान ठेवण्याची सोय या सगळ्यांतून मार्ग काढत रचनाकाराची रेघ पुढे सरकते. लेखापाल खर्च कमी करायला सांगतो, तेव्हा ती आणखी थोडी वाकते. कागदावर उमटलेली पहिली रेघ आणि कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी यांत म्हणूनच मोठे अंतर पडते.

एका जपानी माणसाचे आमंत्रण

हे अंतर मिटविण्याची संधी अनपेक्षित ठिकाणाहून आली. काझुनोरी यामाउची या जपानी गेम-निर्मात्याने डिसेंबर १९९७ मध्ये 'ग्रान टुरिस्मो' हा शर्यतीचा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी आणला. तोवर मोटार शर्यतीचे बहुतेक खेळ वेग आणि धडकाधडकी यांवर चालत. यामाउची यांनी त्यात खऱ्या कंपन्यांच्या सुमारे १४० गाड्या आणल्या. प्रत्येक गाडीचे वजन, इंजिनाची ताकद, टायरची पकड यांनुसार तिचे वागणे वेगळे ठेवले. खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत या मालिकेतील सर्व खेळांच्या मिळून नऊ कोटी प्रती विकल्या गेल्याचे सोनीने जाहीर केले.

वाहन उद्योगाने सुरुवातीला या खेळाकडे केवळ परवाना शुल्काचे साधन म्हणून पाहिले असेल, पण चित्र लवकरच पालटले. निस्सानने २००७ मध्ये जीटी-आर ही आपली नामांकित गाडी आणली, तेव्हा चालकाला इंजिनाची आणि वेगाची माहिती देणाऱ्या डॅशबोर्डवरील पडद्याची रचना यामाउची यांच्याच 'पॉलिफनी डिजिटल' या कंपनीकडून करून घेतली. खेळ वास्तवाची नक्कल करीत होता, तो आता वास्तवात शिरला. २००८ च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएनने 'जीटी बाय सित्रोएन' ही गाडी मांडली. खेळासाठी कल्पिलेली ही गाडी प्रत्यक्ष चालविता येईल अशी घडविली होती. पडद्यावर ती हायड्रोजनच्या इंधनघटावर धावे. प्रत्यक्षातल्या गाडीत मात्र पेट्रोलचे व्ही-८ इंजिन बसवावे लागले. थोड्या संख्येने ती विकण्याचा विचारही झाला, पण तो बेत बारगळला.

त्यानंतर २०१० मध्ये 'ग्रान टुरिस्मो ५' मध्ये आलेल्या रेड बुल एक्स २०१० या गाडीने वेगळाच प्रश्न विचारला. कोणताही नियम पाळायचा नसेल, तर जगातील सर्वांत वेगवान शर्यतीची गाडी कशी दिसेल? उत्तर देण्यासाठी फॉर्म्युला वनमधील ख्यातनाम तंत्रज्ञ एड्रियन न्यूई यांची मदत घेण्यात आली. झाकलेली चाके, विमानासारखे बंद चालककक्ष आणि गाडीखालची हवा ओढून काढणारा पंखा असे तिचे रूप होते. वेगाने जाणारी गाडी वर उचलली जाऊ पाहते. तिला जमिनीशी चिकटवून ठेवण्यासाठी पंखांनी खालच्या दिशेला दाब निर्माण करतात, पण असा पंख वेग असेल तेव्हाच काम करतो. पंख्याने हवा ओढली, तर हळू वळणावरही गाडी रस्त्याला धरून राहते. ही युक्ती जुनीच. अमेरिकेतील चॅपॅरल २जे या गाडीने १९७० मध्ये आणि ब्रॅबहॅम बीटी४६बी या गाडीने १९७८ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये ती वापरली. दोन्ही गाड्यांना नियमांनी लवकरच मैदानाबाहेर काढले. प्रत्यक्ष मैदानात बंदी झालेली कल्पना खेळात मात्र पुन्हा जिवंत झाली.

या अनुभवांतूनच २०१३ मध्ये 'व्हिजन ग्रान टुरिस्मो' हा उपक्रम आकाराला आला. मालिकेला पंधरा वर्षे झाल्याचे निमित्त होते. जगभरच्या मोटार कंपन्यांना आमंत्रण गेले ते एवढेच, की 'ग्रान टुरिस्मो' म्हणजे दूरच्या पल्ल्याची वेगवान, देखणी गाडी तुमच्या कल्पनेत कशी आहे, ती आमच्यासाठी काढून द्या.

नियम नाहीत, पण भौतिकशास्त्र आहे

अशी गाडी घडते कशी? आजकाल प्रत्येक गाडीचे आरेखन संगणकावरच होते. त्यामुळे तिच्या बाह्यांगाचा त्रिमितीय आराखडा कंपनीकडे तयार असतो. तो गेम-निर्मात्याकडे जातो, तेथे पडद्यावर क्षणार्धात रेखाटता येईल अशा स्वरूपात पुन्हा बांधला जातो. वजन किती आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर कसे विभागले आहे, इंजिन किंवा मोटर किती ताकद देते, हवेचा अवरोध किती, ही माहिती दिल्याखेरीज गाडी खेळात धावूच शकत नाही. पादचाऱ्याच्या सुरक्षेचा नियम येथे नाही, पण गुरुत्वाकर्षण आहे. लेखापाल नाही, पण घर्षण आहे. वळणावर वेग जास्त झाला तर ही स्वप्नातली गाडीही घसरते.

या मोकळिकीचा उपयोग प्रत्येकाने आपापल्या स्वभावानुसार केला. सर्वांत धाडसी ठरली ती शेव्हरोलेची २०१४ मधील चॅपॅरल २एक्स. तिला चाके फिरविणारे इंजिनच नाही. ६७१ किलोवॅटच्या लेझर किरणांचे झोत केंद्रित करून हवेत धक्कालहरी निर्माण करायच्या आणि त्यांच्या रेट्याने गाडी पुढे ढकलायची, अशी तिची कल्पना आहे. चालक तिच्यात बसत नाही, पोटावर पालथा झोपतो. तिचे नाव मात्र जिम हॉल या अमेरिकी तंत्रज्ञाच्या त्या जुन्या चॅपॅरल गाड्यांची आठवण जागविते. क्रायस्लर समूहाच्या एसआरटी टॉमाहॉक एक्सने २०१५ मध्ये आकड्यांची शर्यत जिंकली. दहा सिलिंडरचे इंजिन मागची चाके फिरविणार, गाडीच्या सांगाड्यातच साठविलेली दाबलेली हवा पुढची चाके फिरविणार, मिळून २,५९० अश्वशक्ती आणि ताशी सुमारे ६५० किलोमीटर वेग. आजच्या फॉर्म्युला वन गाडीची ताकद हजार अश्वशक्तीच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. चालकाला लढाऊ विमानाच्या वैमानिकासारखा खास पोशाख घालावा लागेल, असेही कंपनीने सांगून टाकले.

काहींनी भविष्याऐवजी स्वतःच्या इतिहासाकडे पाहिले. माझ्दाच्या एलएम५५ या गाडीच्या नावातील ५५ हा क्रमांक १९९१ मध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ७८७बी या गाडीचा. मर्सिडीजच्या जाळीदार तोंडवळ्यामागे १९५२ ची ३०० एसएल होती. बुगाटीने २०१५ च्या गाडीला निळ्या रंगाच्या दोन छटा दिल्या, त्या १९३७ मध्ये ल मां जिंकणाऱ्या आपल्या गाडीच्या स्मरणार्थ. मोटारीच्या जगात नव्याला मान्यता मिळविण्यासाठी जुन्याचा दाखला द्यावाच लागतो, हे यातून पुन्हा दिसले. फ्रेंच कंपनी अल्पीनने एक चतुर खेळ केला. तिच्या गाडीत एकच आसन आहे आणि तेही मधोमध नसून डाव्या अंगाला. तोल साधण्यासाठी काही यंत्रभाग उजवीकडे नेले. रस्त्यावरच्या गाडीसाठी अशी रचना कोणत्याही बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत फेटाळली गेली असती.

कंपन्यांचा हिशेब

या साऱ्यात कंपन्यांचा फायदा काय, हा प्रश्न उरतोच. पहिला फायदा खर्चाचा. चालणारी संकल्पना मोटार घडविण्याच्या तुलनेत पडद्यावरची गाडी स्वस्त पडते आणि ती एखाद्या शहरातील प्रदर्शनापुरती मर्यादित राहत नाही. प्रदर्शनात लोक दोरीपलीकडून गाडी पाहतात. खेळात लक्षावधी लोक ती स्वतः 'चालवितात'.

दुसरे कारण अधिक खोल आहे. श्रीमंत देशांतील तरुणांना मोटारीचे पूर्वीसारखे वेड राहिलेले नाही, ही उद्योगाची जुनी चिंता आहे. जपानमध्ये तर तरुण पिढीचे मोटारीपासून दूर जाणे हा २००० नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांचा नित्याचा विषय होता. शहरांत गाडी ठेवायला जागा नाही, ती पोसायला पैसा लागतो आणि रेल्वे वेळेवर येते. ज्या मुलाच्या घरी गाडी नाही, त्याच्या मनात एखाद्या ब्रँडचे नाव रुजवायचे, तर ते त्याच्या हातातील खेळातूनच रुजणार. वीस वर्षांनी तोच ग्राहक होईल, ही आशा. हा हिशेब उघड आहे आणि म्हणूनच थोडा अस्वस्थ करणाराही. मुलाला वाटते आपण खेळतो आहोत, आणि कंपनी मात्र जाहिरात करीत असते.

तिसरा फायदा चाचपणीचा. फ्रँकफर्टमध्ये सप्टेंबर २०१५ मध्ये दाखविलेल्या बुगाटी व्हिजन ग्रान टुरिस्मोचा तोंडवळा आणि काही महिन्यांनी मार्च २०१६ मध्ये जिनिव्हात आलेल्या शिरॉन या विक्रीच्या गाडीचा तोंडवळा यांतील नाते लपून राहिले नाही. खेळातल्या गाडीने नव्या रूपाची सवय आधीच करून दिली होती.

प्रतिष्ठेचा भागही कमी नाही. परवान्याच्या करारामुळे पोर्शे अनेक वर्षे या मालिकेत येऊच शकली नव्हती. ती २०१७ मध्ये आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिने केवळ आभासी जगासाठी पहिली गाडी रेखाटली. फेरारीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली एकासनी गाडी सादर केली, तेव्हा तिच्यातील तीन लिटरचे व्ही-६ इंजिन ल मांसाठी बनविलेल्या ४९९पी गाडीवरून घेतले होते. फरक एवढाच, की शर्यतीच्या नियमांनी खऱ्या गाडीची ताकद बांधून ठेवलेली असते आणि खेळातील इंजिन १,०३० अश्वशक्ती मोकळेपणाने देते. मग तिचा पूर्ण आकाराचा नमुना मारानेलो येथील कंपनीच्या संग्रहालयातही मांडला गेला.

पडद्याबाहेर पाऊल

यांपैकी क्वचित एखादी गाडी खरोखर रस्त्याला लागते. ऑडीची ई-ट्रॉन व्हिजन ग्रान टुरिस्मो हे त्याचे ठळक उदाहरण. अकरा महिन्यांत हाताने घडविलेली ही विजेवरची गाडी एप्रिल २०१८ मध्ये रोम येथील फॉर्म्युला ई शर्यतीच्या वेळी पाहुण्यांना फेरी मारून आणण्यासाठी वापरण्यात आली. तिच्या तीन मोटरांची एकत्र ताकद ६०० किलोवॅट होती. जॅग्वारने १,४०० किलोवॅटच्या आपल्या विद्युत गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना २०२० मध्ये तयार केला. मर्सिडीजची ती चंदेरी गाडी २०१७ च्या 'जस्टिस लीग' या चित्रपटात ब्रूस वेनच्या दिमतीला दिसली. खेळातून निघालेली गाडी पुन्हा दुसऱ्या एका पडद्यावरच पोचली.

भारताचाही या कथेशी एक धागा आहे. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा प्रदर्शनात टाटा मोटर्सने 'टॅमो रेसमो' ही दोन आसनांची छोटी क्रीडा गाडी दाखविली. इंजिन मध्यभागी, क्षमता अवघी १.२ लिटर आणि ताकद १९० अश्वशक्ती. पुणेकरांना ट्रक आणि इंडिकासाठी परिचित असलेल्या कंपनीकडून असे काही येईल, हे अनेकांना खरे वाटेना. त्याच वेळी कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन ३' या खेळात ही गाडी आणण्याचे जाहीर केले. रेसमोच्या उत्पादनाचा बेत पुढे खर्चाच्या गणितापायी गुंडाळला गेला. युरोपीय कंपन्या खेळातील गाडी विकायची नाही हे आधीच ठरवून बसतात. येथे विकायची म्हणून दाखविलेली गाडी स्वप्नातच राहिली.

टीका आणि एक अनुत्तरित प्रश्न

या उपक्रमावर टीकाही होते आणि ती अनाठायी नाही. बंधने काढून टाकली की प्रतिभा मोकळी होते, हे अर्धसत्य आहे. अनेक गाड्या बसकट, टोकदार, भल्यामोठ्या मागच्या पंखाच्या आणि एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात अशा निघाल्या. हजारो अश्वशक्तीचे दावे कोणत्याही कारखान्यात तपासले जात नाहीत, तेव्हा ते हवेतले इमलेच ठरतात. लहानशी, स्वस्त, कुटुंबाला घेऊन जाणारी, गर्दीच्या शहरात शोभणारी भविष्यातील गाडी या खेळात जवळजवळ दिसतच नाही. वास्तविक भविष्याचा खरा प्रश्न तोच आहे.

याहून वेगळा प्रश्न जतनाचा आहे. १९३८ ची वाय-जॉब आजही डोळ्यांनी पाहता येते. पडद्यावरच्या गाडीचे आयुष्य मात्र यंत्राच्या पिढीला बांधलेले असते. प्लेस्टेशन ३ साठीचा खेळ प्लेस्टेशन ४ वर चालत नाही. 'ग्रान टुरिस्मो ६' ची ऑनलाइन सेवा मार्च २०१८ मध्ये बंद झाली आणि त्यानंतरच्या 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'ची जानेवारी २०२४ मध्ये. यातल्या बऱ्याच गाड्या २०२२ च्या 'ग्रान टुरिस्मो ७' पर्यंत पुढे आणल्या गेल्या, पण त्या निर्मात्याच्या इच्छेने. ज्या दिवशी त्याला त्या नकोशा होतील, त्या दिवशी रचनाकारांच्या एका पिढीचे काम गंज न चढताही नाहीसे होऊ शकते. चित्रपटांच्या जुन्या रिळांबाबत आपल्याकडे जे घडले, तेच येथेही घडू नये यासाठी संग्रहालयांना आता पत्र्याबरोबर संगणकीय आराखडेही सांभाळावे लागतील.

तरीही या गाड्यांचे एक मोल मान्य करावे लागते. मोटार उद्योगातला रचनाकार आयुष्याचा मोठा भाग दारांच्या मुठी, दिव्यांच्या कडा आणि खर्चाच्या मर्यादा यांत घालवितो. या व्यवसायात तो आला तो शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर गाड्या काढता काढता. त्या पानावरची गाडी कुणी तरी मागावी आणि तिला वजन, वेग आणि आवाज देऊन लक्षावधी लोकांच्या हाती सोपवावी, असे याआधी घडले नव्हते. ती गाडी कुणाच्या दारात उभी राहणार नाही. पण आज ती खेळणाऱ्यांपैकी एखादी मुलगी उद्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःची गाडी काढील. त्या गाडीला बॉनेटची उंची, लेखापाल आणि नंबर प्लेट या सगळ्यांतून वाट काढत रस्त्यापर्यंत पोचावे लागेल.